पॉझिटिव्ह अहवाल आणि न काढलेली पिशवी : मालवण किनाऱ्यावरचं एक प्रकरण

रुग्ण : ४३ वर्षांची मासळी विकणारी बाई. दोन बाळंतपणं, दोन्ही साधी. पाळी नियमित. अंगावरून पांढरं जाणं नाही, संबंधानंतर रक्त नाही, ओटीपोटात दुखणं नाही. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या विषाणूच्या तपासणीत १६ क्रमांकाचा प्रकार पॉझिटिव्ह. अहवालानंतर महिन्याभरातच तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गर्भपिशवी काढायची तारीख पक्की झालेली. आणि तोवर एकाही डॉक्टरने तिच्या गर्भाशयाचं मुख पाहिलेलं नव्हतं.

या शेवटच्या वाक्यासाठी हे प्रकरण लिहिते आहे. मी सिंधुदुर्गात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. बाईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे वहिनी म्हणते, कारण आमच्या आशाताई त्यांना तसंच हाक मारतात.

एचपीव्हीची तपासणी करावी की करू नये, हा वाद आता उरलेला नाही. ती आपल्याकडे येते आहे आणि यायलाच हवी. माझी काळजी आहे ती अहवाल आणि उपचार यांच्या मधल्या पट्ट्याची. आमच्या भागात बायका हातून सुटतात त्या याच पट्ट्यात, आणि तिथे काय काय घडतं हे वहिनींच्या निमित्ताने एकदा सलग दिसलं.

नमुना कसा घेतला गेला

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या महिलांची गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. पद्धत व्हीआयए. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के तीव्रतेचं ॲसिटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. खर्च नगण्य, उत्तर जागच्या जागी. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या भारतीय महिलांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के.

याची कारणं शोधायला मला लांब जावं लागत नाही. टेबलावर पाय फाकून झोपायचं, आत उपकरण घालून घ्यायचं, तेही काही दुखत खुपत नसताना. पहाटे होड्या लागल्या की बंदरावर लिलाव, मग पाटी डोक्यावर घेऊन वाड्या-वाड्यांतून विक्री, दुपारी घर. यात दवाखान्याला जागा कुठे आहे? आशाताई सीबॅकचा, म्हणजे घरोघरी विचारायच्या आरोग्याच्या प्रश्नांचा, फॉर्म भरायला जातात, अंगावरून जातं का, मधेच रक्त दिसतं का असं विचारतात. दाराशी नातू, ओट्यावर सासरा. उत्तर ‘नाय’ असंच येणार.

म्हणून एका संस्थेच्या मदतीने आमच्या काही गावांत स्वतः नमुना घेण्याची पद्धत सुरू झाली. एक मऊ ब्रश मिळतो. बाईने आपल्याच न्हाणीघरात तो योनीमार्गात घालायचा, काही वेळा फिरवायचा, नळीत ठेवून झाकण लावायचं आणि आशाताईंच्या हवाली करायचं. प्रयोगशाळा पीसीआर पद्धतीने विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणार असेल, तर असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही ही पद्धत मान्य केली आहे.

वहिनींचं पहिलं म्हणणं अपेक्षित होतं : “माका काय एक त्रास नाय, मग तपासूक कित्याक व्हया?” आशाताई म्हणाल्या, “त्रास सुरू झालो काय उशीर झालेलो असता, वयनी. आनी ह्यां तुमी सोताच घेवचा. कोणाक काय दाखवूचा नाय.” दुसऱ्या वाक्याने काम झालं. फेब्रुवारीत नमुना गेला.

माझा या तपासणीवर विश्वास आहे तो मराठवाड्यामुळे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिला, गावांचे ५२ समूह, चार गट : एकात एचपीव्ही तपासणी, एकात पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), एकात व्हीआयए आणि एकात नेहमीची सेवा. निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने हा फरक पडला. पाठपुराव्याच्या आठ वर्षांत, एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या महिलांपैकी एकीचाही या कर्करोगाने मृत्यू झाला नाही. मात्र त्या गटात पॉझिटिव्ह आलेल्या बायकांची पुढची तपासणी आणि उपचार लागलीच केले गेले होते. मृत्यू त्या उपचारांनी कमी झाले. नुसतं नळीत विषाणू सापडल्याने कोणी वाचत नाही.

अहवालाचा फोन

यादी आली ती शिमग्याच्या धामधुमीत. निरोप फोनवर गेला : तुमचा एचपीव्ही पॉझिटिव्ह आला आहे, दवाखान्यात येऊन जा. फोन त्या वेळी कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हातात होता. त्याने इंटरनेटवर शोधलं आणि त्याच्यापुढे ‘कॅन्सरचा विषाणू’ आला. सासूबाईंनी माजघरातून ऐकलं ते ‘एचआयव्ही’. संध्याकाळपर्यंत घरात दोन आजार होते आणि दोन्ही चुकीचे.

वहिनींना तिसरीच गोष्ट लागली. हा विषाणू संबंधातून येतो असं मुलाच्या मोबाइलमध्ये लिहिलं होतं. नवरा ट्रॉलरवर खलाशी, दिवसेंदिवस समुद्रात, मधेच दुसऱ्या बंदरात मुक्काम. नंतर माझ्यापुढे बसून त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न कर्करोगाचा नव्हता. “म्हंजे माझ्या घोवान भायर कायतरी केल्यान काय?”

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पॉझिटिव्ह बाईच्या मनात असतो. बहुतेक जणी तो विचारत नाहीत, आणि म्हणूनच पुढच्या तपासणीलाही येत नाहीत. याचं उत्तर सरळ देता येतं आणि ते दिलंच पाहिजे. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. कर्करोगाशी संबंध असलेले चौदाच्या आसपास. त्यांतले १६ आणि १८ हे दोन मिळून जगभरातल्या साधारण ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांमागे असतात. हा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी हा विषाणू लागतोच. दहातल्या नऊ वेळा दोनेक वर्षांत शरीर त्याला आपणहून घालवतं, बाईला कळतही नाही. काही थोड्या जणींत तो ठाण मांडतो, पेशी हळूहळू बदलत जातात, आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. आज सापडलेला विषाणू कधी आला आणि कोणाकडून आला, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षातला असू शकतो. लग्नाआधीचा, नवऱ्याला स्वतःलाही ठाऊक नसलेला असू शकतो. पॉझिटिव्ह अहवाल हा कोणाच्याही वागण्याचा पुरावा नाही.

हे सगळं त्या फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी दवाखान्यात आल्या नाहीत. त्या माहेरी बहिणीकडे गेल्या.

बहिणीने त्यांना तालुक्याच्या गावी एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. तिथे सोनोग्राफी झाली, पिशवीला थोडी सूज आहे असं सांगितलं गेलं आणि सल्ला मिळाला : दोन मुलं झाली, आता पिशवीचं काम काय, काढून टाका म्हणजे कॅन्सरची भीतीच नको. तारीख ठरली. पैशांसाठी गळ्यातली माळ गहाण टाकायचं ठरलं. ग्रामदेवतेला कौल लावून झाला, गाऱ्हाणं घातलं गेलं. एवढी तयारी झाल्यावर एखाद्या बाईला थांबवणं किती अवघड असतं ते इथे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. तिच्या दृष्टीने निर्णय झालेला असतो, भीतीला शेवट सापडलेला असतो.

आशाताईंना हे कळलं ते बंदरावर. वहिनींची पाटी दिसली नाही म्हणून त्यांनी चौकशी केली आणि तशाच त्यांच्या माहेरी गेल्या. तिथे त्या जे बोलल्या ते मी आता दर प्रशिक्षणात सांगते. “बावटो लागलो हा वयनी, वादळ येवक नाय. बावटो लागल्यार कोण होडी मोडून टाकता काय? आदी बघूया तरी.” किनाऱ्यावरच्या माणसाला याहून जास्त समजावावं लागत नाही. वहिनी दुसऱ्या दिवशी आल्या, सोबत बहीण.

पिशवी काढून काय होतं

“पिशवी काढल्यार मी सुटतंय ना?” बहीणही तेच विचारत होती. इथे मी घाई केली नाही, कारण माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका विषाणूपेक्षाही इथे होता.

तीन शक्यता होत्या. पहिली : गर्भाशयमुखावर काहीच बदल नाही, नुसता विषाणू आहे. मग पोट उघडून एक निरोगी अवयव काढला जाणार, भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचे धोके पत्करले जाणार, पाटी उचलणारी बाई कित्येक आठवडे घरी बसणार आणि माळ गहाण ती गहाणच. एवढं करूनही योनीमार्गाच्या पेशींत विषाणू उरलेला असू शकतोच. दुसरी शक्यता : कर्करोगाआधीचा बदल आहे. तो बहुतेक वेळा गर्भाशयमुखाच्या काही मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यात असतो. तेवढाच भाग जाळून किंवा कापून काढता येतो, पोटाला हात लावावा लागत नाही. आणि पिशवी काढली, तरी असा बदल सापडलेल्या बाईला योनीमार्गाच्या वरच्या टोकाची तपासणी पुढे करत राहावीच लागते.

तिसऱ्या शक्यतेची मला खरी भीती होती. समजा आत आधीच कर्करोग आहे आणि कोणाला माहीत नाही. अशा वेळी साधी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया अपुरी पडते. आजार किती पसरला आहे हे ठरवून मोठी शस्त्रक्रिया करायची की किरणोपचार, हा निर्णय आधी घ्यायचा असतो. नकळत अर्धवट शस्त्रक्रिया झालेली बाई नंतर मुंबईला परळला, कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला मोठ्या रुग्णालयात जाते, तेव्हा तिच्यावरचे उपचार जास्त गुंतागुंतीचे झालेले असतात. मी अशा फायली पाहिल्या आहेत. म्हणून गर्भाशयमुख न बघता, गरज तिथे तुकडा तपासायला न पाठवता, केवळ एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणून पिशवी काढणं मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही. गर्भपिशवी काढण्याची रास्त कारणं असतात. हे त्यांतलं नाही.

वहिनींनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “मग बघूक किती येळ लागतलो?” मी म्हटलं, दहा मिनिटं. बहिणीला त्यांनी आतच थांबवून घेतलं, तिचा हात धरला आणि टेबलावर झोपल्या.

मुख पाहिल्यावर

व्हीआयए त्याच दिवशी केलं. आम्ल लावून मिनिटभर थांबल्यावर वरच्या बाजूला दाट, कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग उमटला. डागाची खालची हद्द दिसत होती. वरची हद्द गर्भाशयमुखाच्या नळीच्या आत शिरत होती, तिचा शेवट दिसत नव्हता. उघडा व्रण नाही, सहज रक्त येत नव्हतं, गाठ नाही.

डाग पूर्ण दिसत असता, गर्भाशयमुखाचा तीन चतुर्थांशाहून कमी भाग व्यापणारा असता आणि कर्करोगाचा संशय नसता, तर थर्मल ॲब्लेशन करता आलं असतं. हातात मावेल एवढं उपकरण, बॅटरीवर चालतं, टोक १०० अंशांच्या आसपास तापतं, ते डागावर अर्ध्या ते पाऊण मिनिटासाठी टेकवायचं. भूल लागत नाही. डोंगरापलीकडच्या वाडीत, पावसात वीज गेलेली असतानाही करता येणारा उपचार आहे हा. पण आत शिरलेला डाग वरवर जाळला तर आतलं तसंच राहतं. वहिनींना ते चालणार नव्हतं.

पुढची पायरी कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून, मोठं करून पाहणं. ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी. चिठ्ठी देऊन ‘ओरोसला जाऊन या’ म्हणणं सोपं असतं. किनाऱ्यावरून एसटीने जायचं, बाह्यरुग्ण विभागाची रांग, डॉक्टर त्या दिवशी शस्त्रक्रियेत, परत या. अशा वेळी दुसऱ्यांदा येणाऱ्या बायका थोड्याच असतात. म्हणून तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मीच फोन केला, वार आणि वेळ ठरवून घेतली, पाळीच्या तारखा जुळतात का ते पाहिलं आणि आशाताई सोबत गेल्या. भिंगातून संशय आणखी पक्का झाला, तुकडा तपासणीला गेला. अहवाल आला : सीआयएन-३. कर्करोगाआधीच्या बदलांतला सर्वांत पुढचा टप्पा, अजून कर्करोग नाही.

सीआयएन-३ तसाच सोडला तर काय होतं, याचं उत्तर न्यूझीलंडमधल्या एका दुःखद प्रकरणामुळे मिळालं आहे. ऑकलंडच्या एका रुग्णालयात गेल्या शतकात काही बायकांना हा बदल सापडूनही पुरेसे उपचार दिले गेले नव्हते. नंतर त्यांच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा ३० वर्षांत त्यांतल्या सुमारे ३० टक्के जणींना कर्करोग झाल्याचं दिसलं. ज्या जणींवर नीट उपचार झाले, त्यांच्यात हे प्रमाण अगदी नगण्य होतं. त्या बायकांनी भोगलेलं आज वहिनींसारख्यांच्या कामी येतं आहे. ही नोंद वाचताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

वहिनींवर जी शस्त्रक्रिया झाली तिला एलएलईटीझेड म्हणतात. तेवढ्याच जागेपुरती भूल देऊन, विजेच्या बारीक तारेच्या फासाने गर्भाशयमुखाचा बिघडलेला भाग कापून काढायचा. काही मिनिटांचं काम. पिशवी जागच्या जागी राहते. काढलेला भाग पुन्हा तपासणीला जातो, त्यातून कर्करोग लपलेला नाही ना आणि कडा स्वच्छ आहेत ना हे कळतं. वहिनींचं दोन्ही चांगलं आलं.

तारीख ठरवताना आम्ही जून धरला. नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत, कारण जखमेतून रक्त जाण्याची भीती असते. मासळीची भरलेली पाटी किती जड असते ते जिने उचलली तिला माहीत. मे महिन्यात चाकरमानी गावी, मासळीला भाव, त्या काळात तिला घरी बसवलं असतं तर तिने पट्टा बांधून पाटी उचलली असती. १ जूनला मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत होड्या वर ओढलेल्या असतात. तोवर जखम भरते आणि नारळी पौर्णिमेनंतर काम सुरू होतं. सीआयएन-३ ला चार आठवडे इकडे तिकडे झाले म्हणून काही बिघडत नाही, वर्षभर रेंगाळणं मात्र घातक असतं.

जूनचा आणखी एक फायदा झाला. नवरा घरी होता.

त्यांना मी वेगळं भेटले, वहिनींच्या संमतीने. आधीचे महिने घरात बोलणं तुटलेलं होतं आणि त्यांना कारण कोणी सांगितलेलं नव्हतं. मुलगा गप्प, आई एचआयव्ही धरून बसलेली. मी विषाणूबद्दल वर लिहिलंय तेच सांगितलं आणि एचआयव्हीशी याचा संबंध नाही हे दोनदा सांगितलं. ते बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, “माका पण तपासूचा काय?” नाही. पुरुषांसाठी अशी चाळणी तपासणी नाही, आणि अंगात असलेल्या विषाणूवर औषधही नाही. बायकोला काही आठवडे जपायचं, तंबाखूची मशेरी दोघांनीही सोडायची आणि वर्षाने तिला तपासणीला पाठवायचं. तंबाखूच्या वाक्याला त्यांनी मान हलवली नाही, बाकी दोन पाळली.

सासूबाईंना आशाताईंनी सांगितलं. “आमच्या वक्ताक असला काय नव्हता,” असं त्या म्हणाल्या. आशाताईंनी त्यांना त्यांच्याच सख्ख्या जावेची आठवण दिली, जी पन्नाशीच्या आत ‘अंगावरून जाऊन जाऊन’ गेली. ती कशाने गेली हे कोणी तपासलं नव्हतं. मीही त्याबद्दल काही म्हणू शकत नाही. पण देशात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाने जवळपास ८० हजार बायका गेल्या असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या अनेक जणींबद्दल घरात एवढंच बोललं गेलं असेल.

आता कसं चालतं

वर्षाने, पुढच्या जूनमध्ये, वहिनींनी पुन्हा स्वतःच नमुना दिला. एचपीव्ही निगेटिव्ह. नियमाप्रमाणे यानंतर नेहमीच्या अंतराने तपासणी पुरते, पण सीआयएन-३ झालेल्या बाईला मी माझ्या वहीतून काढत नाही. जोखीम पुष्कळ वर्षं थोडीशी जास्त राहते, आणि वय वाढेल तसा बदलणारा भाग नळीत वर सरकतो. पन्नाशीनंतर नुसत्या डोळ्यांनी बघून भागत नाही, तेव्हा त्यांची पुढची तपासणी एचपीव्हीचीच व्हायला हवी.

आमच्या केंद्रात पॉझिटिव्ह अहवाल आता फोनवर सांगितला जात नाही. आशाताई घरी जातात, बाईला एकटीला गाठतात, आणि अहवालाच्या आधी तीन गोष्टी सांगतात : हा कर्करोग नाही, हा एचआयव्ही नाही, आणि हा कोणाच्या वागण्यामुळे कालपरवा आलेला नाही. मग चौथी गोष्ट, म्हणजे तारीख. तारीख हातात असल्याशिवाय अहवाल द्यायचा नाही, यावर मी हटून बसले. आधी व्हीआयएचा दिवस, थर्मल ॲब्लेशनचं उपकरण आणि जिल्ह्याच्या तज्ज्ञांचा वार पक्का करायचा, आणि नंतरच गावात ब्रश वाटायचे. शिबिरं भरवणाऱ्यांना हे आवडत नाही, कारण वाटलेल्या ब्रशचा आकडा कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेल्या उद्दिष्टांत ७० टक्के महिलांची तपासणी आहे, त्याच्या लगेच शेजारी बदल सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांवर उपचार हेही आहे. शिबिराच्या फलकावर फक्त पहिला आकडा लिहिला जातो.

ज्यांचा अहवाल पॉझिटिव्ह आला पण व्हीआयएमध्ये काही दिसलं नाही, त्या संख्येने जास्त असतात. त्यांच्यावर लगेच काही करावं लागत नाही, २४ महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही तपासायचा. वाट बघणं हा त्यांच्यासाठीचा उपचार आहे आणि तो समजावणं कापण्याहून कठीण जातं. यांतल्याच बायका पुढे कुठेतरी पिशवी काढून येण्याचा संभव असतो. म्हणून त्यांना मी लेखी कागद देते, मराठीत, ठळक अक्षरांत : या अहवालासाठी गर्भपिशवी काढण्याची गरज नाही, कोणी सुचवलं तर आधी हा कागद दाखवा. काही डॉक्टरांना हे रुचलेलं नाही. माझी त्याला तयारी आहे. एचआयव्ही असलेल्या बायकांची वाट मात्र वेगळी असते. त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी करायची, कारण त्यांच्यात हा प्रवास फार लवकर होऊ शकतो.

वहिनींनी वर्षाच्या तपासणीला येताना तेरा वर्षांच्या मुलीला आणलं होतं. “हिका आधीच काय देवक येता काय?” हो. पुण्याच्या सीरम संस्थेची सर्व्हाव्हॅक ही लस २०२२ मध्ये मान्य झाली आहे, ती १६ आणि १८ दोन्ही प्रकारांवर चालते, आणि संसर्ग होण्याआधीच्या वयात दिली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो. वहिनींना स्वतःला ती घेऊन आधीचा विषाणू गेला नसता, हेही सांगितलं. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी चुकणार नाही, हेही. मुलगी लाजून दारात उभी होती, ऐकत मात्र सगळं होती.

त्याच यादीतली एक बाई अजून राहिली आहे. तिचाही १६ क्रमांकाचा प्रकार पॉझिटिव्ह आहे. अहवाल येईपर्यंत ती नालासोपाऱ्याला मुलाकडे सुनेच्या बाळंतपणाला गेली. तिकडे तपासून घ्या म्हटलं तर बाळ लहान आहे म्हणते, आणि तिकडच्या दवाखान्याचा रस्ता तिला माहीत नाही. सुनेचा नंबर आशाताईंकडे आहे. गणपतीला सगळे गावी येणार आहेत. गौरी विसर्जनानंतर ती चार दिवस थांबते आहे, त्यातला एक वार जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे तिच्या नावाने धरून ठेवला आहे आणि सुनेलाही सोबत यायला सांगितलं आहे.